आमच्या गल्लीतल्या कॅरिबियन आज्या आणि किंग्ज अवॉर्डचा फॉर्म

हे लिहायचं कितीतरी दिवस डोक्यात होतं. मध्यंतरी मंडळात दोघीजणींनी गाठलं, अगं तो अवॉर्डचा फॉर्म तूच भरलेलास ना, आमच्या इथल्या फूड बँकवाल्यांसाठी भरायचाय, सुरुवात कुठून करायची? मग चहा गार होईस्तोवर मी बोलत बसले. तेव्हाच म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहून टाकावं. लांबलचक झालंय, आधीच सांगते.

फॉर्म होता किंग्ज अवॉर्ड फॉर व्हॉलंटरी सर्व्हिसचा. ब्रिटनमध्ये एकेका माणसाला एमबीई वगैरे किताब मिळतात ते आपण पेपरात वाचतो, हा अवॉर्ड त्याच तोलाचा, फक्त अख्ख्या ग्रुपला मिळतो. २००२ मध्ये राणीला गादीवर येऊन पन्नास वर्षं झाली तेव्हा सुरू झाला, तेव्हा अर्थातच क्वीन्स अवॉर्ड म्हणायचे. पैसे शून्य. राजाच्या सहीचं सर्टिफिकेट, काचेचं एक घुमटाकार स्मृतिचिन्ह, आणि ग्रुपमधल्या दोघांना बकिंगहॅम पॅलेसच्या गार्डन पार्टीचं आमंत्रण. बस.

आणि ज्यांच्यासाठी भरला त्या म्हणजे आमच्या कॅरिबियन आज्या. आम्ही नॉर्थ-वेस्ट लंडनमध्ये ब्रेंटला राहतो, विल्सडेन आणि हार्ल्सडेनच्या मधे. मराठी लोकांना हा भाग माहीत असतो तो डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळामुळे, १९३२ पासूनचं मंडळ आहे ते. पण पन्नास-साठच्या दशकात जमैका, त्रिनिदाद, बार्बेडोस, गयानातून आलेल्या लोकांचाही हा भाग आहे, आणि त्यांच्यातल्याच काही जणींनी ऐंशीच्या दशकात चर्चच्या हॉलमध्ये शनिवारची शाळा सुरू केली. त्याआधीच्या वीसेक वर्षांत कितीतरी कॅरिबियन पोरांना इथल्या शाळा मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत ढकलायच्या, म्हणून आईबापांनी गावोगावी अशा शाळा काढलेल्या, त्यातलीच ही एक. पोरं मोठी झाली, शिक्षिका म्हाताऱ्या झाल्या आणि शाळेला जोडून मंगळवार-गुरुवारचं जेवण सुरू झालं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. मग ऑक्टोबरातलं रक्तदान, कोणाचे फॉर्म भरून दे, कोणाच्या मयताची तयारी कर, असं वाढतच गेलं. पगारी माणूस एकही नाही. क्लबचं आणि कोणाचंच नाव मी इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

माझा संबंध आला २०२० मध्ये. माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या आणि मार्चमध्ये भारताने विमानं बंद केली, झालं, आई इथेच अडकल्या. माळकरी बाई, कांदा-लसूणही एकादशीला चालत नाही, त्यात सुपरमार्केटची शेल्फं रिकामी, नवरा हॉस्पिटलच्या आयटीत त्यामुळे घरी नाहीच, आणि मी तान्ह्या बाळाला घेऊन. समोरच्या घरातल्या, याच क्लबातल्या जमैकन आंटीने खिडकीतून आईंना बघितलं असणार. दुसऱ्या आठवड्यात एक उंच काका दारात डबा ठेवून गेट बाहेर जाऊन उभे राहिले, डब्यात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, आणि वर चिठ्ठी, नो मीट, नो फिश, सेपरेट पॉट. वेगळं पातेलं! आईंनी ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग जेवल्या. त्या परत जाईपर्यंत दर मंगळवारी डबा येत राहिला.

तर मला काही परतफेड करायची होती असं नाही म्हणणार, पण डोक्यात ते होतं.

ऑक्टोबर २०२३. इथे ब्लॅक हिस्टरी मंथ ऑक्टोबरात असतो (अमेरिकेत फेब्रुवारीत), १९८७ पासून. क्लबने हॉलमध्ये जुने फोटो लावलेले, आणि नेहमीचं रक्तदान. त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण मी नागपूरची, आणि आमच्याकडे विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हा शब्द ऐकून कोणी दचकत नाही, गडचिरोलीकडे तर घरोघरी माहीत. इथे तो आजार मुख्यतः आफ्रिकन आणि कॅरिबियन कुटुंबांमध्ये आढळतो, पेशंटना सारखं रक्त चढवावं लागतं आणि त्यासाठी बऱ्याचदा आरओ नावाच्या उपप्रकाराचं रक्त लागतं जे ब्लॅक दात्यांमध्ये जास्त सापडतं. आणि देशातलं पहिलंवहिलं सिकलसेल समुपदेशन केंद्र कुठे निघालं तर १९७९ मध्ये आमच्याच ब्रेंटमध्ये, एलिझाबेथ अनिओन्वू नावाच्या नर्सबाईंनी काढलेलं. म्हणजे क्लबमधल्या बायका गळ्यात पाट्या घालून बसस्टॉपवर उभ्या राहून रक्तदाते गोळा करतात ते काही हवेतून आलेलं नाही. या सगळ्यात मी फोटो बघत फिरत होते तर सोशल प्रिस्क्रायबर भेटली, म्हणजे आमच्या जीपी सर्जरीत (फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात) एक बाई असते जी पेशंटला गोळ्यांऐवजी असल्या क्लबांत पाठवते. ती म्हणाली, यांना कोणी नॉमिनेट कसं केलं नाही अजून?

घरी येऊन वाचायला बसले. पहिला विचार होता समोरच्या आंटीला एकटीला बीईएम (ब्रिटिश एम्पायर मेडल) मिळवून द्यायचा. व्यक्तीसाठीचा फॉर्म वर्षभर कधीही भरता येतो, फी नाही, निदान दोन पाठिंब्याची पत्रं लागतात आणि निकालाला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पण दोन गोष्टी अडल्या. एक म्हणजे ज्याचं नाव देतोय त्याला सांगायचं नाही असा दंडक आहे, आणि मला आंटीच्या आयुष्याची अर्धी माहिती आंटीकडूनच काढावी लागणार होती. दुसरं म्हणजे त्या मेडलच्या नावातच ब्रिटिश एम्पायर आहे. आता आपल्याकडे रावबहादूर-रावसाहेब पदव्या मिरवणारे होते तसे १९१९ मध्ये सर ही पदवी परत करणारे टागोरही होते, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नव्हता, पण जिच्या पणजोबांनी उसाच्या मळ्यात काय भोगलं असेल तिला न विचारता तिच्या छातीवर एम्पायर लावायला मी कोण? ग्रुपच्या अवॉर्डमध्ये दोन्ही भानगडी नाहीत. निकाल जाहीर होईपर्यंत तो गुप्त ठेवायचा असतो, पण फॉर्म भरतोय हे ग्रुपला सांगता येतं.

तेव्हाचे नियम थोडक्यात सांगते. ग्रुप किमान तीन माणसांचा, किमान तीन वर्षं चालू असलेला. अर्ध्याहून जास्त माणसं बिनपगारी. काम स्थानिक लोकांच्या थेट उपयोगाचं. नॉमिनेट करणारा माणूस ग्रुपच्या बाहेरचा हवा, म्हणजे स्वतः तिथे व्हॉलंटियर असाल तर तुम्ही भरू नका, शेजाऱ्याला पकडा. शिवाय दोन पत्रं. मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत होती, माझ्याकडे साधारण सहा आठवडे. यात आणखी एक अट आहे की बहुतेक व्हॉलंटियर्सना यूकेत राहायचा हक्क असला पाहिजे. मी ती वाचून पुढे गेले. तिचं वजन मला आठवड्याने कळलं.

क्लबच्या किचनमध्ये गेले, लॅपटॉप उघडला आणि प्रश्न विचारायला लागले. किती व्हॉलंटियर? किती तास? पुरावा काय? पुरावा शब्द निघाल्याबरोबर एक आजी हात पुसून बाहेर गेली. खजिनदार आंटीने मला बाजूला घेतलं. ती आजी लहानपणी आईच्या मागे जमैकाहून आलेली, इथेच शाळा, इथेच चाळीस वर्षं नोकरी, टॅक्स भरलेला, आणि तरी काही वर्षांपूर्वी तिला सरकारी पत्र आलं की तू इथे कायदेशीर राहतेस याचा पुरावा दे. दर वर्षाचा कागद. १९६८ चा कागद कुठून आणायचा माणसाने? तेव्हाच्या लोकांची बोटीवरची लँडिंग कार्डं होम ऑफिसने (इथल्या गृहखात्याने) स्वतःच २०१० मध्ये नष्ट केली होती. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं, विंडरश स्कँडल म्हणून, १९४८ च्या जूनमध्ये कॅरिबियन लोकांना घेऊन टिलबरी बंदराला लागलेल्या एम्पायर विंडरश बोटीवरून ते नाव. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर काढलं. २०१९ मध्ये नुकसानभरपाईची योजना आली तिचे फॉर्म इतके किचकट की हाच क्लब गुरुवारी जेवणानंतर टेबलं पुसून ते भरून द्यायला बसायचा, आजही बसतो. ती आजी त्या टेबलावर आधी अर्ज घेऊन आली होती आणि आता तीच दुसऱ्यांचे अर्ज भरते.

आणि मी तिला विचारत होते, तुम्ही सेवा करता याचा पुरावा काय.

तर तुमच्याकडे असे ज्येष्ठ लोक असतील तर हा शब्द बाजूला ठेवा, एवढंच सांगेन. मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवून गेले आणि भांडी घासायला उभी राहिले. भांडी घासताना सगळं निघतं. कोण कधीपासून येतं, हॉलचं भाडं वाढलं तेव्हा काय केलं, कोविडमध्ये कोणकोण गेलं.

आकडे तरीही लागतातच. हजेरीपट नव्हता, कधी नव्हताच. गंमत म्हणजे त्याच बायकांची पार्डनरची वही पेनीला पेनी जुळणारी. पार्डनर म्हणजे आपली भिशी हो, अगदी तीच, दर आठवड्याला सगळ्यांनी टाकायचे आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायचे. बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या तेव्हा या लोकांनी पार्डनरवर घरांची डिपॉझिटं उभी केली. दुसऱ्याचा पैसा म्हणून ती वही चोख, आणि स्वतःच्या श्रमांची एक ओळ कुठे नाही! खजिनदार आंटीला विचारलं किती तास होतात गं आठवड्याचे, तर म्हणाली, तास पगारवाले मोजतात डार्लिन.

मग सापडल्या किचनच्या डायऱ्या. फ्रीजच्या वरच्या कपाटात, तेलकट, काहींच्या पाठी गेलेल्या. पानावर तारीख, खाली तांदूळ ६ किलो, राजमा, नारळाच्या दुधाचे डबे, थाईम, आणि मार्जिनमध्ये नावं, अमक्याला मीठ नको, तमकीला साखर नको, हिचा डबा मुलीच्या घरी पोचवा. हा माझ्या दृष्टीने खजिनाच होता. किलोमागे साधारण किती ताटं होतात ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्यावरून आठवड्याची ताटं निघाली, त्यावरून वर्षाची. मार्जिनमधल्या नावांवरून किती वेगळ्या माणसांपर्यंत डबा पोचतो ते निघालं. तास काढायला एका मंगळवारचा हिशेब मांडला, सकाळी सातला भाज्या चिरायला कोण येतं इथपासून शेवटचा डबा पोचवून गाडी लावेपर्यंत. थोडा कमीच धरला. फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहिलं की हा अंदाज आहे आणि तो कशावरून काढलाय. माझं मत विचाराल तर गोल मोठ्या आकड्यांपेक्षा हे जास्त पटतं, वाचणाऱ्यालाही कळतं की कोणीतरी खरंच मोजलंय.

बाकी कागद जमवताना कळलं की क्लब वाटतो तितका गबाळा नाही. शनिवारच्या वर्गात मुलं असतात म्हणून सगळ्यांचे डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का याची तपासणी, केलेले (व्हॉलंटियरला फुकट होतात, माहीत नसेल तर), स्वच्छतेचं पाच रेटिंगचं स्टिकर किचनच्या दारावर, हिशेब दरवर्षी तपासलेला. सेफगार्डिंग पॉलिसी (मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम) मात्र जुनी होती, ती चर्चच्या ऑफिसमधल्या बाईने नवीन करून दिली. तुम्ही भरणार असाल तर ही पॉलिसी, हिशेब आणि इन्शुरन्स हे तीन कागद आधी शोधून ठेवा, पुढे भेटीच्या वेळी लागतात.

पत्रं. एक सोशल प्रिस्क्रायबरने चार दिवसांत दिलं, छान ठोस, अमुक पेशंट आठवड्याला दोनदा सर्जरीत यायचा तो क्लब लागल्यापासून महिन्यातून एकदा येतो, अशा भाषेत, नाव न देता. दुसरं एका ओळखीच्या संस्थेकडून यायचं होतं ते येता येईना. आठवण केली, हो हो म्हणाले, परत आठवण केली, साहेब सुट्टीवर. शेवटी शनिवारच्या वर्गात शिकलेल्या आणि आता सेकंडरी शाळेत गणित शिकवणाऱ्या एकाने दिलं, आणि खरं सांगते तेच जास्त चांगलं झालं. लेटरहेड बघू नका, ज्याने काम डोळ्यांनी पाहिलंय तो माणूस बघा.

लिहिताना माझी सगळ्यात जास्त झटापट झाली ती विशेषणांशी. पहिला मसुदा म्हणजे आपल्या सत्कार समारंभाचं मानपत्रच झालेलं, निःस्वार्थ, अविरत, तळमळ. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, हे कुठल्याही नगरसेवकाला लागू पडेल. सगळं खोडलं. त्याऐवजी काय करतात तेच लिहिलं. हिवाळ्यात डबा देताना हात आत घालून रेडिएटर गरम आहे का बघतात, नसेल तर संध्याकाळी फोन. एखादा दोनदा आला नाही तर तिसऱ्या वेळी कोणीतरी त्याच्या दारात. डिमेन्शिया झालेल्या एका आजोबांना डॉमिनोज अजून अचूक खेळता येतं, म्हणून त्यांना मुद्दाम खेळातच बसवतात. डॉमिनोज म्हणजे शांतपणे खेळायचा खेळ अशी माझी समजूत होती, हे लोक सोंगटी टेबलावर अशी आपटतात की शेजारच्या कपात चहा उडतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री उशिरा सबमिट केलं. ऑनलाइनच आहे सगळं, पण उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा, पान मधेच गेलं तर रडायची वेळ येते. खर्च म्हणाल तर फॉर्मला काही नाही. डायऱ्यांच्या पानांच्या झेरॉक्स आणि स्कॅन मिळून बारा-तेरा पौंड, २६६ नंबरच्या बसची पावणेदोन पौंडांची तिकिटं, आणि किचनमध्ये रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून नेलेला चिवडा. तो चिवडा भलताच हिट झाला, आता मागणी असते.

त्यानंतर आठवडाभरात, ७ डिसेंबरला, बेंजामिन झेफानाया गेले. बर्मिंगहॅमचे कवी, आईवडील कॅरिबियन. त्यांनी २००३ मध्ये ओबीई (ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरमधला किताब) जाहीरपणे नाकारलं होतं, एम्पायर म्हटलं की मला गुलामगिरी आठवते असं त्यांचं म्हणणं. त्या गुरुवारी क्लबमध्ये त्यांच्याबद्दल बोलणं निघालं आणि तिथून गाडी आमच्या फॉर्मवर. एक काका स्पष्ट म्हणाले, बेंजामिनने नाही म्हटलं, आपण हो म्हणायचं? ज्यांनी आपल्याला पुरावे मागितले त्यांच्याकडून शाबासकी कशाला? एकदम शांतता. मग पुरावेवाली आजी, तीच, म्हणाली की होम ऑफिसने मला लिहिलं की तू इथली नाहीस, मला त्याच देशाच्या राजाच्या सहीचा कागद भिंतीवर हवाय की हे लोक इथलेच आहेत. काका म्हणाले मग तू ठेव तुझ्या भिंतीवर. वाद काही मिटला नाही. मतदान झालं, बहुमत हो च्या बाजूने, काकांनी हात वर केला नाही आणि दुसऱ्या मंगळवारी नेहमीसारखे डबे घेऊन गेले. मला दोघांचंही पटतं. मी फॉर्म भरलाय म्हणून माझं मत हो असणार असं लोक धरून चालतात, ते तितकं सोपं नाहीये.

मग नुसती वाट. काही महिने काहीच नाही, धीर ठेवा. २०२४ च्या वसंतात लेफ्टनन्सीकडून ईमेल आला. लॉर्ड-लेफ्टनंट म्हणजे प्रत्येक काउंटीतला राजाचा प्रतिनिधी, त्याच्या हाताखाली डेप्युटी लेफ्टनंट, लंडनमध्ये प्रत्येक बरोला (ब्रेंटसारख्या प्रशासकीय भागाला) एक नेमलेला. हे लोक प्रत्यक्ष येऊन बघतात, मग त्यांचा अहवाल राष्ट्रीय समितीकडे, आणि शेवटी राजाची मान्यता. ग्रेटर लंडनचे लॉर्ड-लेफ्टनंट तेव्हा केन ओलिसा होते, २०१५ पासून, वडील नायजेरियन, स्वतः नॉटिंगहॅमचे. ही माहिती नाही म्हणणाऱ्या काकांना कोणीतरी पुरवली. काका म्हणाले, बरं, मग नीट पुसा टेबलं.

भेटीच्या दिवशी मी नव्हते, नॉमिनेटरचं तिथे काम नसतं. ऐकलं ते असं की दोघं आले, साध्या कपड्यात, मंगळवारीच या असा क्लबने आग्रह धरलेला. कागद बघितले, पैसे कुठून येतात, तुम्ही सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, उद्या कोण चालवणार असं विचारलं. हा प्रश्न हमखास येतो म्हणे, उत्तर तयार ठेवा. शनिवारच्या वर्गातली दोन जुनी मुलं आता डबे पोचवतात ती पुढे केली. मग त्या दोघांना जेवायला बसवलं आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं सरबत पाजलं, सॉरेल म्हणतात त्याला. ते खरं नाताळात करतात, पण पाहुणे आले म्हणून मे महिन्यात केलं.

निकाल १४ नोव्हेंबरला जाहीर होतो, राजाचा वाढदिवस. त्या सकाळी मी ऑफिसला निघताना समोरची आंटी दारात उभी, गाऊनवर कोट, आणि हसतेय. मिळाला होता. क्लबला आधीच कळवलं होतं पण जाहीर होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही या अटीवर, आणि या बायकांनी, ज्यांच्या किचनमध्ये कुठलीही बातमी दहा मिनिटं टिकत नाही, त्यांनी मलासुद्धा कळू दिलं नाही. एक काका मला नंतर म्हणाले, किंग १९४८ च्या नोव्हेंबरचा, विंडरश १९४८ च्या जूनची, म्हणजे बोट मोठी, त्याने नमस्कार करायला हवा. हे गयानाचे, क्रिकेटवेडे, माझ्याशी बोलताना १९७१ च्या दौऱ्यातल्या गावसकरच्या ७७४ धावा काढल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्या सगळ्या धावा जणू मीच काढल्या अशी तक्रार करतात.

प्रदान समारंभ फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच हॉलमध्ये झाला. कुठे करायचा ते ग्रुप ठरवू शकतो. काउन्सिलच्या चकचकीत सभागृहाचा पर्याय होता, पण तिथे लोकांना व्हीलचेअरने नेणार कोण? भाषणं आटोपशीर झाली. सर्टिफिकेट घ्यायला पुरावेवाल्या आजीला पुढे केलं. तिने ते घेतलं, चष्मा लावून सही नीट बघितली, उलटं करून मागची बाजूही बघितली, आणि मग माइकवर म्हणाली, ओके, धिस वन इज इन इंक. हॉल कोसळला नुसता. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांना इंग्रजी कळलं नाही पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

गार्डन पार्टीवरून मात्र भांडणं होता होता राहिली. दोनच जागा, आणि इच्छुक सगळेच. खजिनदार आंटीने पार्डनरचा नियम लावला, चिठ्ठ्या टाकल्या. निघाली कोण तर भांडी घासणारी आंटी आणि, देवाची करणी, नाही म्हणणारे काका. सगळ्यांना वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, चहा फुकट आहे ना? मग जातो, बरंच येणं आहे त्यांच्याकडून. मे महिन्यात गेले दोघं. आमंत्रणाबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, पत्रातल्या सूचना नीट वाचा. टोपी सक्तीची नाही पण कॅरिबियन बाई पॅलेसला टोपीशिवाय जाणार हे शक्यच नाही, आंटीची टोपी ४५ पौंडांची आणि बसच्या दारात मावेना. सँडविच बोटभर असतात आणि रांगा लांब, त्यामुळे खाऊन जा असं काकांचं सगळ्यांना सांगणं आहे.

फोटो आणि डायऱ्यांच्या स्कॅनचं काय करायचं म्हणून विल्सडेन ग्रीन लायब्ररीत ब्रेंटचं अर्काइव्ह आहे तिथे विचारून आले. आधी भेटीची वेळ घ्या, आणि फोटोत कोण आहे ते लिहून न्या, नाहीतर नुसते चेहरे राहतात. ते काम सध्या चालू आहे. एक आजी आणि मी रविवारी बसतो, ती नावं सांगते, मी लिहिते, मधेच ती चिडते कारण फोटोतल्या बाईने १९८९ मध्ये तिचं ओव्हनचं भांडं नेलं ते परत केलंच नाही.

हो, आणि क्लबमध्ये आता हजेरीची वही आलीये. दाराशीच, दोरीला पेन बांधलेलं, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पुढे कधी ग्रँटला अर्ज करायचा झाला तर परत तांदळाच्या किलोंवरून गणितं नकोत म्हणून मीच आणून दिली. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी मनापासून सह्या केल्या. गेल्या मंगळवारी उघडून बघितली तर वेळेच्या रकान्यात कोणीतरी तांदूळ ६ किलो, नारळाचं दूध, आणि नवीन माणूस आलाय त्याला मीठ नको असं लिहिलेलं.